कुंकवाचा क्रमांक

लंडनला नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने, म्हणजे अकोल्याच्या आतेभावाच्या मुलाने, गेल्या उन्हाळ्यात फोनवर एक छायाचित्र पाठवले. यंत्रांचे भाग, पट्टे, चौकटी आणि भडक रंग यांचा नुसता काला! खाली मजकूर: "काका, पावलोत्झीचं चित्र घेतलं. आवृत्ती अवघी ६५ प्रतींची!" किंमत ऐकल्यावर मराठीच्या प्राध्यापकाने जे करावे तेच मी केले, विषय बदलला.

पण कुतूहल स्वस्थ बसू देईना. एदुआर्दो पावलोत्झी १९२४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. आईबाप इटालियन, धंदा आइस्क्रीमच्या दुकानाचा. सिगारेटच्या पाकिटांतली चित्रे आणि अमेरिकन मासिकांतल्या जाहिराती जमवण्याचा त्याला नाद. पुढे ज्याला 'पॉप' कला म्हणू लागले, तिचे मूळ असल्याच कात्रणांत. १९६५ साली त्याने विट्‌गेनश्टाइन या तत्त्वज्ञावर १२ चित्रांचा संच काढला. छपाईची रीत आपल्या लग्नपत्रिकांचीच: चौकटीवर ताणलेल्या जाळीतून एकेक रंग दाबून उतरवायचा. प्रती ठरल्या तेवढ्याच काढायच्या, समासात पेन्सिलीने सही आणि क्रमांक घालायचा, आणि पुन्हा कोणी छापू नये अशी व्यवस्था करायची. वाण्याच्या दुकानातले चित्र असे दिवाणखान्यात जाऊन बसले!

त्याच आठवड्यात मला अमरावतीहून अकोल्याला जावे लागले. आत्याचा जुना वाडा पाडून तिथे फ्लॅट व्हायचे होते. सामानाची वाटणी चालली होती. बदनेऱ्याला गाडीत बसलो तो मूर्तिजापूर येईपर्यंत डोक्यात ते ६५ घोळत होते.

वाड्यात देवघराबाहेर एक चित्र आहे, माझ्या लहानपणापासून पाहिलेले. कमळावर उभी लक्ष्मी, मागे हार घेतलेला हत्ती. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातले. आत्याच्या सासूबाईंनी ते आणले होते.

या चित्राचा जन्म मोठा गमतीचा. चित्रे राजवाड्यांत अडकून पडतात, ती छापून सर्वांपर्यंत न्यावीत, हा सल्ला रविवर्म्याला सर टी. माधवराव या मुत्सद्द्याने दिला. १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना निघाला. यंत्रे जर्मनीहून आली. पुढे तो घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावर तेलकट शाईने आकृती काढायची, दगड भिजवायचा. पाणी आणि तेल यांचे हाडवैर असल्याने शाई आकृतीलाच धरते. रंगागणिक वेगळा दगड, आणि प्रत्येक रंग नेमका आधीच्या रंगावर बसला पाहिजे. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी या छापखान्याचे काम करीत. छापखाना तोट्यात आला, तेव्हा रविवर्म्याने तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला. १९७२ साली तिथे आग लागली आणि पुष्कळ ठेवा जळाला.

म्हणजे पाहा, तिकडे प्रती कमी म्हणून मोल. इकडे प्रती होतील तितक्या छापाव्यात, ही धडपड! ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जाऊ देत नसत, त्यांच्याही भिंतीवर आता देव आला.

मी पोचलो तेव्हा जुन्या वस्तूंचा एक व्यापारी ओसरीवर बसला होता. चित्राची काच कधीच फुटलेली. लक्ष्मीच्या कपाळी वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा थर, आणि सासूबाईंनी लुगड्याच्या काठावर हौसेने टाचलेली जर. असे सजवण्याची तेव्हा चालच होती. व्यापारी हळहळला. "कागद स्वच्छ असता तर दुप्पट दिले असते."

आतेभावाचा चेहरा पडला. नव्या घराची रक्कम भरायची होती. त्याला दोष कसा द्यावा?

आत्या आतून म्हणाली, "ते कुंकू नसतं त मंग ही लक्ष्मी आपली कशी, बाप्पा?"

व्यापारी गप्प झाला, मीही. छापखान्यातून निघाल्या तेव्हा या सगळ्या लक्ष्म्या एकसारख्या होत्या. कोणाच्या घरी जर टाचली गेली, कोणाकडे उदबत्तीच्या धुराने काळवंडली, कोणाच्या बारशाला तिच्यापुढे पाळणा टांगला. अशी दुसरी प्रत आता कुठून आणायची? पावलोत्झीने क्रमांक पेन्सिलीने घातला. आत्याने रोज सकाळी बोटाने.

रात्री पुतण्याला सारे कळवले. तो लगेच म्हणाला, "आजी, मला दे. त्या चित्राशेजारी लावतो."

"लावशील रे," आत्या म्हणाली, "पण दिवा कोण लावील?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

व्यापारी रिकाम्या हाताने परतला. नव्या घराचा एक हप्ता आतेभावाने उसनवारीने भरला. लक्ष्मी सध्या भाड्याच्या दोन खोल्यांत आहे, नव्या काचेत. काच मात्र कपाळापाशी आत्ताच लाल झाली आहे. पुतण्या दिवाळीला अकोल्याला येतो आहे. लक्ष्मीपूजन या वर्षी त्याच्याच हातून करवायचे, असे आत्याने ठरवले आहे. त्यानंतर चित्राचे काय करायचे, ते ती त्या दोघांतच ठरवणार म्हणते.