पेटीत काय घ्यावे, काय ठेवावे

बिऱ्हाड हलवणे आणि देश सोडणे या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत मोठा फरक आहे. पनवेलहून पेणला बिऱ्हाड न्यायचे तर टेम्पो येतो आणि त्यात पाटा-वरवंटा, तुळशीची कुंडी, दांडा मोडलेली कढईसुद्धा चढते. काय घ्यावे हा प्रश्नच पडत नाही. जागा उरली तर आणखी एक गाठोडे टाकायचे, एवढेच. समुद्रापलीकडे कायमचे जायचे म्हटले की मात्र सगळे घर दोन-चार बॅगांत बसवावे लागते. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तिची परीक्षा घ्यावी लागते. या परीक्षेला तीन परीक्षक असतात : वजन, कायदा आणि मन. पहिल्या दोघांचे नियम छापलेले असतात. तिसऱ्याचे नियम कोठेच छापलेले नाहीत, आणि घराघरांत जी भांडणे होतात ती बहुधा त्याच्यावरून होतात. प्रस्तुत लेखात या तिघांचाही थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

आमचे गाव शिरढोण. मुंबई-गोवा रस्त्यावर, कर्नाळ्याच्या पायथ्याशी. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी आमच्या गावी झाला, हे वाचकांना ठाऊक आहेच. समुद्रापार गेलेल्या शिरढोणकरांची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्यापासूनच सुरू करावी लागते. जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर १८८० च्या जानेवारीत त्यांना एडनला नेण्यात आले. त्या ऑक्टोबरात ते तुरुंगातून निसटलेही, परंतु पुन्हा पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. बरोबर काय घ्यावे असे बेडी घातलेल्या माणसाला कोणी विचारत नाही. म्हणजे सामान निवडता येणे हीसुद्धा स्वतंत्र माणसाची चैन आहे, हे आपण विसरतो.

याच १८८३ सालच्या एप्रिलमध्ये, फडक्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आतच, कलकत्त्याहून एक अठरा वर्षांची मराठी मुलगी अमेरिकेच्या बोटीत बसली. ती आनंदीबाई जोशी. जन्म कल्याणचा, आणि गोपाळरावांच्या पोस्टातील नोकरीमुळे काही काळ अलिबागेतही राहिलेली. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. त्यांच्या सामानाची निवड या एका वाक्याने आधीच करून टाकली होती : अंगावर लुगडे आणि पानात शाकाहार. परंतु तिथल्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली. परदेशी नेलेली वस्तू टिकवायची तर तिच्या वापरात फेरफार करावा लागतो, हा धडा त्यांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वीच घालून दिला आहे. १८८६ साली डॉक्टर होऊन त्या परत आल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत वारल्या.

आनंदीबाई परत येण्यासाठी गेल्या होत्या. परत न येण्यासाठी गेलेल्यांचे उदाहरण पाहायचे तर आपल्याच जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाकडे पाहावे लागते. पनवेलला त्यांचे प्रार्थनामंदिर एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे. अलिबाग, रेवदंडा येथेही आहेत. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून आपल्या लोकांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ, सामान सारे बुडाले. ध्यानात राहिली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, शनिवारची सुटी आणि खाण्यापिण्याचे काही नियम. एवढ्या भांडवलावर हा समाज शेकडो वर्षे टिकला. बुडालेल्या पेटीतून काय वाचते त्याचे हे उदाहरण मला फार विचार करायला लावते.

इथे राहता राहता ते पुरते मराठी झाले. गावांवरून त्यांना पेणकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर अशी आडनावे मिळाली. बायका मंगळसूत्र घालू लागल्या. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन, त्याला त्यांनी ‘बिर्ड्याचा सण’ म्हटले, कारण त्या निमित्ताने घरी वालाचे बिरडे होई. वालाचा हा मान पनवेलच्या वाचकाला वेगळा सांगायला नको.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र निर्माण झाल्यावर पुढच्या दोन-तीन दशकांत या समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा या गावी त्यांची वस्ती झाली. शेत, घर, घाणा, नारळाची झाडे, पूर्वजांच्या कबरी यांतले काहीही पेटीत मावणारे नव्हते. पण पेटीतून तिथे काय उतरले ते आजही दिसते. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हन्नाबीचे नाव घेण्याची रीत तिथे चालू आहे. आडनावातले ‘कर’ चालू आहे. मराठी चालू राहावी म्हणून ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक तिथून निघत आले. तिथल्या धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास त्यांच्या लग्नसंबंधांविषयी शंका काढली, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली आपले म्हणणे मान्य करून घेतले. पण आम्ही खरे यहुदी आहोत हे सिद्ध करताना त्यांनी मलिदा टाकून दिला नाही. मला वाटते, यातच सामान निवडण्याचे मर्म आहे.

आता आमच्या घरातले उदाहरण सांगते, कारण हा विषय मला सुचला तो त्यातूनच. माझा मोठा भाऊ आय.टी.आय. करून फिटर झाला आणि दुबईला नोकरीला गेला. त्याच्या पहिल्या वेळचे सामान आम्ही तांदूळ मोजायच्या काट्यावर तोलले होते. त्या वेळी कळलेल्या काही गोष्टी इथे नोंदवते. कोणाच्या तरी भावाला उपयोगी पडतील.

पहिला मान कागदांचा. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत कामाला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते. दहावीचे प्रमाणपत्र असले की ती अट सुटते. आमच्या आईने ते प्रमाणपत्र देवाच्या फळीवर ठेवले होते, ते किती योग्य होते हे तेव्हा समजले. कामाच्या शिक्षणाची प्रमाणपत्रे आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी त्या देशाच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात. हे कागद हातातल्या पिशवीत ठेवावेत; मोठ्या बॅगेत कधीही नाही.

दुसरी गोष्ट खसखशीची. आपल्याकडे अनारशावर आणि मसाल्यात सहज पडणारी खसखस सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि माणसाला तुरुंगात घालू शकते. आईने कुटलेला मसाला खसखस घालून केलेला होता. तो सारा काढून पुन्हा कुटावा लागला. खोकल्याची काही औषधे आणि तीव्र वेदनाशामक गोळ्या यांनाही तिथे आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावीच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानाच्या सामानात घेत नाहीत, कारण त्यातल्या तेलाने पेट घेण्याचा धोका असतो.

मसाला, पापड, लोणचे, वाल, सुकट असे दादा नेत राहिला आणि दर सुटीला रिकामी बॅग घेऊन येत राहिला. बॅग रिकामी होणे हीच परत येण्याची खूण होती. यंदा मात्र दादा, वहिनी आणि माझी चार वर्षांची पुतणी कॅनडाला कायमचे राहायला निघाले आहेत, आणि सामानाचा सगळा हिशेबच बदलला आहे.

कॅनडाचे सरकार नव्याने राहायला येणाऱ्याला आपल्या वापरातल्या घरगुती वस्तू करमुक्त आणू देते. पण त्यासाठी दोन याद्या कराव्या लागतात. पहिली बरोबर आणलेल्या वस्तूंची, दुसरी मागाहून येणाऱ्या वस्तूंची. प्रत्येकीपुढे किंमत लिहायची. पहिल्या दिवशी जे दुसऱ्या यादीत नाही, त्यावर नंतर कर पडू शकतो. वस्तू आधी स्वतःची आणि वापरलेली असावी लागते. त्यामुळे वहिनीने बाजारात पसंत केलेला नवा कोरा डिनरसेट बाद झाला आणि घरातली काळवंडलेली कढई पास झाली. मिक्सर बाद झाला, कारण आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि तिथे १२० व्होल्टची. प्रेशर कुकर पास. दागिने विमानतळावर सीमाशुल्क खात्याला दाखवून तसा दाखला घेता येतो, म्हणजे ते परत आणताना त्यांवर कर लागत नाही. वहिनीने हा दाखला घ्यायचे ठरवले, तेव्हा बाबांना बरे वाटलेले दिसले.

घरात इंग्रजी लिहिणारी मीच, तेव्हा याद्या माझ्याकडे आल्या. पुरणयंत्रापाशी लेखणी अडली. ‘शिजलेली डाळ गाळण्याचे हाताचे यंत्र’ असे मी लिहिले. पण किंमत काय लिहायची? ते आईने लग्नात आणलेले. दादाने शंभर रुपये म्हटले, आईने त्याच्याकडे पाहिले, आणि तो रकाना दोन दिवस तसाच राहिला. आजीने सगळे ऐकून घेतले व मला विचारले, ‘‘त्या दुसऱ्या यादीत माणसं लिहिता येतात का गं?’’ कोणी उत्तर दिले नाही.

दुबईला जाताना पुरणयंत्राचे नावही निघाले नव्हते. त्यावरून मला या विषयातला एक नियम दिसू लागला. परत येणारा माणूस संपणाऱ्या वस्तू नेतो, आणि कायमचा जाणारा न संपणाऱ्या. मसाल्याची बरणी सहा महिन्यांत संपते. मसाल्याचे प्रमाण संपत नाही. सामानाच्या यादीत पुरणयंत्र आले, तेव्हा हा मुलगा पुरणपोळीसाठी आता होळीला घरी यायचा नाही, हे आईला कोणी न सांगता कळले असावे. म्हणूनच शंभर रुपये हा आकडा तिला टोचला.

पण हाच नियम दुसऱ्या बाजूने पाहिला तर त्यात दिलासाही आहे. बेने इस्रायलांकडे मलिद्याची रीत होती म्हणून पोहे आणि नारळ त्यांना तिथे शोधता आले. रीत ठाऊक नसती तर पोत्याने नेलेले पोहेही एका महिन्यात संपले असते. तेव्हा वजन मर्यादित असेल तर खाण्याचे कमी आणि करण्याचे जास्त घ्यावे, असे माझे मत झाले. पाच किलो तांदळाऐवजी मोदकपात्र घ्यावे. दहा साड्यांऐवजी दोन, आणि मुलीला पुढे नेसवता येईल अशी एक. जे तिथल्या दुकानात मिळते ते इथून वाहू नये. जे वाहून नेता येत नाही, ते लिहून घ्यावे.

या शेवटच्या वाक्याशी माझा स्वतःचा संबंध आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आजीला सही येत नाही, आई चौथीपर्यंत शिकली. आमच्या घरी जे ज्ञान आहे ते सारे तोंडी आणि हाती आहे. कागदावर त्यातले काहीच नव्हते. म्हणून मी एक दोनशे पानी वही केली. मसाल्याचे प्रमाण आईच्या मुठीत होते, ते मुठी काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहिले. आमच्या शेताच्या तुकड्यांना असलेली नावे, जी सातबाऱ्यावर नाहीत, ती बाबांकडून लिहून घेतली. बाळंतिणीला द्यायचा काढा, गावदेवीच्या जत्रेच्या दिवशीचे नैवेद्याचे पान, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाचे कोण लागते ती नाती, असे करता करता वही भरत आली आहे. तिचे वजन पावशेरही नाही. कोणत्याही देशाचा कायदा तिला अडवत नाही. तिची एक प्रत दादाच्या बॅगेत जाईल आणि एक घरी राहील, कारण लिहू लागल्यावर ध्यानात आले की यातले निम्मे मलाही ठाऊक नव्हते, आणि मी तर गाव सोडून कोठेच गेलेली नाही.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातून पहिल्यांदाच शिकायला आलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत. पनवेलजवळ आता विमानतळही झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरांतून पुढेमागे कोणी ना कोणी जाणार. जाणाऱ्याने काय न्यावे हे तो ठरवील. पण त्याच्या हाती देण्याजोगे काही असावे यासाठी आजीच्या तोंडचे आजच लिहून ठेवणे, हे काम लिहिता येणाऱ्यांचे आहे. बोट फुटल्यावर एक प्रार्थना तरी वाचली, कारण ती कोणाला तरी पाठ होती. आपल्या घरांतले आता कोणाला पाठ होत नाही. तेव्हा निदान ते वहीत तरी असावे.