रात्री दहाचं फाटक आणि राऊटरचं घड्याळ

फायरवॉल म्हणजे नेटच्या फाटकावरचा पहारेकरी, हे मागच्या भागात पाहिलं. आज त्याच्या हाती वेळापत्रक देऊ: रात्री १० ते सकाळी ६ मुलांच्या फोनला नेट बंद.

इथे झोटवाड्यात आमच्या शेजारी हाच नियम लावला होता. पण रात्रभर गेम चालू, आणि सकाळी आठला मुलीचा ऑनलाइन क्लास बंद! नेटवाल्याला दोष देण्यात आठवडा गेला. नियम बरोबर होता, घड्याळ परदेशी होतं. लिनक्सवर चालणाऱ्या बऱ्याच राऊटरांत फायरवॉल वेळ यूटीसीत मोजते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून बंदी पहाटे ३.३० ला लागायची आणि ११.३० ला उठायची. २२.०० ते ०६.०० च्या जागी १६.३० ते ००.३० लिहिलं, काम झालं. वार नेमायचे असतील तर तेही यूटीसीचेच धरा.

फौजेत मोहिमेआधी सगळे घड्याळं मिळवून घेतात, ते उगाच नाही. स्वस्त राऊटरला तर घड्याळाची बॅटरीही नसते. वीज जाऊन आली की तो जुन्या तारखेवर, कधी थेट १ जानेवारी १९७० वर उठतो आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तिथंच राहतो. एनटीपी चालू आहे ना, बघा.

आणखी एक गोम. आत शिरलेल्याला पहारेकरी पुन्हा हटकत नाही. ९.५५ ला सुरू केलेला गेम दहानंतरही चालतो, कारण ‘चालू जोडणी जाऊ द्या’ हा नियम यादीत वर असतो. वेळेचा नियम त्याच्याही वर चढवा.

सिमवरचा डेटा मात्र या फाटकातून जातच नाही.