पिस्तुलावरचा लाल ठिपका किती कामाचा?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी कपड्यांआड पिस्तूल बाळगणाऱ्यांमध्ये 'रेड डॉट साइट'चा बोलबाला आहे. ग्लॉकने २०१५ मध्ये ती बसवता येणारी एमओएस पिस्तुले आणली.

साध्या पिस्तुलात मागची खाच, पुढचा उंचवटा आणि लक्ष्य एका रेषेत आणावे लागते. नजर मात्र एकावरच स्थिरावते. रेड डॉटमध्ये एलईडीचा प्रकाश काचेवरून परावर्तित होतो आणि ठिपका जणू लक्ष्यावरच दिसतो. त्यामुळे नजर हल्लेखोरावरून हटत नाही. चाळिशी लागलेल्यांची तर मोठीच सोय!

पण घाईत पिस्तूल उपसताना मनगट जरा कलले, की ठिपका काचेतून गायब. तो शोधण्यात गेलेला क्षण जिवावर बेतू शकतो. सरावाला पर्याय नाही. शिवाय बॅटरी संपते, काचेवर पाणी-धूळ बसते. म्हणूनच अनेक जण जुनी खाच-उंचवटाही तशीच ठेवतात.