नाळेतून पोहोचणारा समुद्र

जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून छोट्या लाकडी डबीत जपून ठेवायची प्रथा आहे. मिनामाता शहरातल्या अशाच नाळांनी विज्ञानाचा एक ठाम समज मोडून काढला. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातलं पारामिश्रित सांडपाणी समुद्रात जायचं आणि तिथलेच मासे गावकऱ्यांच्या जेवणात यायचे. १९५६मध्ये त्यातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्या काळात काही बाळं मेंदूला गंभीर इजा घेऊनच जन्मली, पण त्यांच्या आयांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. वार बाळाला विषापासून वाचवते, असं तेव्हा डॉक्टर मानत. डॉ. मासाझुमी हारादा यांनी मात्र विष आपल्यातूनच बाळात गेलं, हे आयांचं म्हणणं ऐकलं. पुढे डब्यांतल्या नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं अतिविषारी रूप, सापडला.

हा पारा वार ओलांडतो तरी कसा? तो शरीरातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो आणि ही जोडी बरीचशी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी वागते. मेथिओनिन तर वाढत्या बाळाला हवंच असतं. त्यामुळे बहुरूप्याला घरचा माणूस समजून दार उघडावं, तशी वार त्याला आत घेते, आणि मेंदूसुद्धा! म्हणूनच बाळाच्या नाळेतल्या रक्तात पारा आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतो.

आता समुद्राकडे पाहू. दगडी कोळशाच्या धुरातून आणि ज्वालामुखींतून निघालेला पारा पाण्यात उतरतो. तळच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात. तो सूक्ष्म वनस्पतींत शिरतो, त्यांना खाणाऱ्या जिवांत साठतो, मग लहान माशांत, मग मोठ्या माशांत. शिकारी माशाच्या अंगात तो पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही जास्त असू शकतो. मासा जितका मोठा, म्हातारा आणि शिकारी, तितका पारा अधिक. तो मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून असतो, त्यामुळे धुऊन, तळून किंवा शिजवून जात नाही.

पण म्हणून गरोदरपणी मासे सोडू नयेत. बाळाचा मेंदू घडायला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल आणि आयोडीन माशांतून सहज मिळतं. अमेरिकेच्या सरकारी संस्था गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खायला सांगतात. एक ते तीन वर्षांच्या मुलांना एका वेळी साधारण २८ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा.

आपल्या बाजारात ही निवड सोपी आहे आणि खिशालाही परवडणारी आहे. तारली आणि बांगडा प्लवकांवर जगतात, त्यांचं आयुष्य थोड्या वर्षांचं, आणि डीएचए मात्र भरपूर. मांदेली, कोळंबीही चांगली. तलवार मासा आणि मोठ्या डोळ्यांचा ट्यूना या काळात टाळावेत. किनारपट्टीवर बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देतात. त्यामागची माया खरी आहे, पण मुशी म्हणजे शार्क, आणि शार्क टाळायच्या यादीत आहे. मोठी सुरमईही शिकारीच, तिचे तुकडे क्वचितच घ्यावेत. मासे आणि तिसऱ्या पूर्ण शिजवाव्यात, लहानग्यांसाठी काटे नीट काढावेत.

कोळणीच्या पाटीतला तारलीसारखा स्वस्त मासा बाळाच्या मेंदूसाठी सर्वांत चांगल्या माशांपैकी एक असावा, ही समुद्राची केवढी मोठी कृपा! ती प्रत्येक गरोदर बाईपर्यंत पोहोचायला हवी.