उशाशी ठेवलेली काळी बाटली

कल्याण पूर्वेला एका आजारी मावशींची विचारपूस करायला आम्ही गेलो होतो. केमोचे चार डोस झालेले, पोटात अन्न ठरत नव्हतं. उशाशी गोळ्यांच्या पाकिटांजवळ काळ्या, चिकट तेलाची बाटली होती. "गांजाचं तेल आहे. कॅन्सरवर चालतं म्हणतात," सून हळूच म्हणाली. पंचशील पाळणारं घर, म्हणून शेजाऱ्यांना कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही! झाकण उघडलं तर थिनरचा वास आला.

तो वास आपल्या लोकांना नवा नाही. डोंबिवली एमआयडीसीत राबणाऱ्यांच्या कपड्यांतून तो घरी येतो.

असं तेल काढणारे स्पिरिट, थिनर किंवा नॅफ्था वापरतात आणि मग ते उडवून लावतात. सगळं उडालं असं वाटतं खरं, पण घट्ट तेल त्यातला काही भाग धरून ठेवतं. २०१३ साली युरोपातल्या संशोधकांनी अशी तेलं तपासली, तेव्हा नॅफ्थाने काढलेल्या तेलात पेट्रोलियमचे अवशेष सापडले. औषध कारखान्यांतही द्रावकं वापरतात, पण शेवटी काय उरलं ते यंत्रावर मोजतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे औषधाच्या दहा लाख भागांत बेंझिन २ भाग, हेक्झेन २९० आणि मिथेनॉल ३००० भागांपर्यंतच चालतं. घरी मोजणार कोण? नाक?

बेंझिन हाडांच्या मगजावर घाव घालतं, जिथे रक्त तयार होतं. केमोने तो मगज आधीच थकलेला असतो. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये तर कोणी पिऊ नये म्हणून मुद्दाम विषारी द्रव्यं घातलेली असतात. मिथेनॉल म्हणजे जून २०१५ मध्ये मालवणीच्या दारूत शंभरावर जीव घेणारं तेच. थेंबभर तेलातून तेवढं पोटात जात नाही, हे कबूल. पण रोज किती जातं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. नजर अंधुक झाली, श्वास जोरात चालू लागला, तर लिंबूपाणी देत बसू नका. थेट सरकारी रुग्णालय गाठा आणि काय घेतलं ते लपवू नका.

घरी तेल काढणं तर त्याहून वाईट. द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते. दहा बाय दहाच्या खोलीत ती जमिनीलगत सरकत शेगडीपर्यंत पोचते, आणि एक ठिणगी पुरते. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात हे तेल चरसातच मोडतं. जामिनासाठी कोर्टाच्या खेपा कोण घालणार?

या तेलाने माणसाचा कॅन्सर बरा होतो, असं सिद्ध झालेलं नाही. उलटीवर ऑन्डान्सेट्रॉन आहे, असह्य वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात वेदना कमी करण्यासाठी वेगळा विभागच आहे. "उलटी थांबत नाही" हे डॉक्टरांना सांगायला आपली माणसं का लाजतात, कोण जाणे.

सुनेने पुढच्या तपासणीला सगळं सांगायचं कबूल केलं. मावशी मात्र बाटलीकडे बघत म्हणाल्या, "दोन हजार दिलेत गं त्याला. परत घेईल का तो?"