चित्रेची खुंटी

यंदा दिवाळी कधी, हे आपण भिंतीवरच्या दिनदर्शिकेला विचारतो. दिनदर्शिका पंचांगाला विचारते. आणि पंचांग? वाचकहो, ते एका ताऱ्याला विचारते. त्या ताऱ्याचे नाव चित्रा.

ज्या महिन्यात पूर्णचंद्र हिच्या आसपास असतो तो चैत्र. म्हणजे आपले वर्षच हिच्या नावाने उघडते. हिची देवता त्वष्टा, देवांचा कारागीर. कृत्तिकांचा पुंजका असतो, चित्रेचा तारा मात्र एकटा, असेच आपले पूर्वज मानीत आले. डोळ्यांना तो एकच दिसतो, यात त्यांचा काय दोष!

१८९० साली जर्मनीत पॉट्सडॅमच्या वेधशाळेत फोगेल या ज्योतिर्विदाने तिचा वर्णपट तपासला. त्यातल्या रेषा कधी जांभळ्या बाजूला, तर कधी तांबड्या बाजूला सरकत होत्या. म्हणजे तारा कधी आपल्याकडे येत होता, कधी दूर जात होता; कोणाभोवती तरी फेर धरून होता. एका चित्रेत दोन तारे निघाले! चार दिवसांत त्यांची एक फेरी पुरी होते. दोघांमधले अंतर जेमतेम दोन कोटी किलोमीटर, सूर्यापासून बुध जितका दूर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. इतक्या जवळच्या ओढाताणीने दोघेही अंड्यासारखे लांबट झाले आहेत.

थोरला तारा निळा राक्षसी. वस्तुमान सूर्याच्या सुमारे अकरा पट, पृष्ठाचे तापमान पंचवीस हजार अंशांच्या घरात. म्हणून तर तो निळसर दिसतो. लोहाराच्या भट्टीतले लोखंड तांबड्यावरून पांढऱ्यावर जाते, हा त्याच्याही पुढे गेलेला. पण ही श्रीमंती उधळी आहे. सूर्याचे आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचे. याचे दोन-तीन कोटींपलीकडे नाही. शेवट बहुधा प्रचंड स्फोटात व्हायचा.

आता दिवाळीकडे येऊ. संपातबिंदू साधारण बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. हिपार्कस या ग्रीक पंडिताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हे ओळखले, तेही आपल्या या चित्रेचे जुने वेध ताडून. बिंदूच सरकतो म्हटल्यावर राशिचक्र टांगायला एक पक्की खुंटी हवी. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रेचा पुरस्कार केला. लोकमान्य टिळकांचा पक्ष रेवतीचा. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ च्या अहवालात चित्रेलाच धरले. दोन खुंट्यांत फरक चारेक अंशांचा. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते. आणि कधी अधिक महिना निराळा पडून त्यांची दिवाळी महिनाभर आधी येऊन जाते.

आमचे आजोळ रत्नागिरीकडचे. तिथे टिळक पंचांग, आजोबांपासून. पंचांग बदलणे म्हणजे लोकमान्यांशी बेइमानी, असे मामांचे मत. एका वर्षी त्यांची दिवाळी अशीच आधी आली. मुंबई-पुण्याच्या मुलांना रजा मिळेना. मामींनी पणत्या लावल्या, उटणे वाटले. लावून घ्यायला घरात कोणी नव्हते. पुढच्या महिन्यात आम्ही सारे पोचलो, तर चुलीवर पुन्हा कढई चढलेली. मामा काही बोलणार तोच मामी म्हणाल्या, "पंचांग तुमचं, कढई माझी." मामांनी मुकाट्याने कंदील उतरवून दिला, तो मुलांनी पुन्हा लावला. त्या वर्षापासून आजोळी गरज पडेल तेव्हा दोन दिवाळ्या होतात. केतकर आणि टिळक, दोघांचाही मान राहतो.

गंमत अशी, की दिवाळीच्या सुमारास सूर्य चित्रेच्याच बाजूला असल्याने ती बहुधा उजेडात बुडालेली असते. कार्तिकाच्या अखेरीस पहाटे पूर्वेला शोधा. नाहीतर वैशाखातल्या रात्री मुलांना गच्चीवर न्या. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्यावा, नारिंगी स्वाती लागते. आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा. तिचा आज दिसणारा प्रकाश निघाला सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी, पुण्यात पेशवाई असताना. मुलांना सांगा, ही एक दिसते, पण आहेत दोघे.