डोळ्यांतले पाणी आणि देशोदेशींचे परवाने

डोळ्यांत पाणी येणे हे आपण दुःखाचे लक्षण मानतो. परंतु ज्यांच्या डोळ्यांत पुरेसे पाणीच येत नाही, त्यांचे दुःख निराळेच असते. पापणी उघडताना वाळू घासल्यासारखे वाटावे, पंख्याखाली बसवू नये, चार पाने वाचतो न वाचतो तोच अक्षरे पुसट व्हावीत, अशी तक्रार आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून आपण ऐकली असेल. वय झाले म्हणून ती बहुधा बाजूस सारली जाते. पण हा विकार काही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘शुष्काक्षिपाक’ असे नाव आढळते; ‘कोरडे डोळे’ या आजच्या घरगुती शब्दांपेक्षा मला ते अधिक नेमके वाटते.

बुबुळावरील अश्रूंचा पापुद्रा वाटतो तितका साधा नसतो. सर्वांत वर पापणीच्या कडेच्या ग्रंथींतून आलेले तेल, त्याखाली पाणी आणि अगदी आत बुळबुळीत श्लेष्मा. यांपैकी एकाचेही प्रमाण बिघडले की डोळा जळू लागतो. पाणी किती आहे हे पाहण्याची ऑटो शिर्मर यांनी १९०३ साली सुचविलेली रीत आजही चालू आहे. पापणीत कागदाची पट्टी अडकवितात. पाच मिनिटांत ती पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर पाणी फारच कमी समजावे.

कित्येकांचे काम कृत्रिम अश्रूंवर भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांच्यासाठी निघालेली औषधे मात्र सर्व देशांत सारखी मिळत नाहीत. डायक्वाफोसोल हे पाणी व श्लेष्मा यांना चालना देणारे औषध घ्या. २०१० च्या आरंभी अमेरिकेतील परीक्षणात ते ठरविलेल्या कसोटीस उतरले नाही. त्याच वर्षी जपानने त्यास मान्यता दिली. लिफिटेग्रास्टला अमेरिकेने २०१६ मध्ये परवाना दिला, तर युरोपातील अर्ज कंपनीने २०२० मध्ये स्वतःच मागे घेतला. पर्फ्लुरोहेक्सिलऑक्टेन या द्रवाची कथा तर विनोदीच म्हणावी लागेल. युरोपात तो चिठ्ठीवाचून मिळत असे. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती औषध म्हणून, आणि तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच!

याचे कारण असे की, परवाना हा औषधाच्या गुणाचा जागतिक निवाडा नसतो. प्रत्येक देशात उत्पादकाने अर्ज करावयाचा, त्या देशाच्या कसोट्यांवर पुरावा मांडावयाचा, खर्च सोसावयाचा. कित्येकदा अर्जच होत नाही. रुग्णाला मात्र एवढेच कळते की, आपल्या डोळ्यांचे औषध समुद्रापलीकडच्या दुकानात आहे.

मग टोकियोस असलेल्या भाच्याला ‘येताना चार बाटल्या आण’ असे कळवावे काय? आपल्याकडील औषध नियमावलीने, १९४५ पासून, याची वाट ठेवली आहे. स्वतःच्या उपयोगाचे औषध प्रवासी आपल्या सामानातून आणू शकतो. मात्र कोणत्याही एका औषधाच्या सरासरी शंभर मात्रांहून अधिक नव्हे, आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याने विचारल्यास ते दाखविले पाहिजे. येथे ‘स्वतःच्या’ हा शब्द विसरू नये; भाच्याच्या सामानातील मावशीचे औषध या सवलतीत बसत नाही. शिवाय मूळचे जपानी थेंब दिवसातून सहा वेळा घालावयाचे असतात. एका वेळचे घालणे ही एक मात्रा धरली, तर शंभर मात्रा सतरा दिवसही पुरत नाहीत.

सामानाबाहेर, म्हणजे टपालाने वगैरे, औषध मागवावयाचे असल्यास नमुना १२-अ मध्ये अर्ज करावा लागतो. त्याला नोंदणीकृत डॉक्टरांची चिठ्ठी हवी, मागितलेले प्रमाण वाजवी हवे. अधिकाऱ्याचे समाधान झाले की नमुना १२-ब चा परवाना मिळतो. हा खटाटोप टाळून अनोळखी विक्रेत्याकडून थेंब मागविण्याचा मोह होतो, हे खरे. पण डोळ्यांचे थेंब निर्जंतुकच असावे लागतात, आणि ते तसे आहेत की नाहीत हे बाटलीकडे पाहून कोणासही सांगता येत नाही. २०२३ मध्ये चेन्नईनजीकच्या एका कारखान्यातून अमेरिकेस गेलेल्या कृत्रिम अश्रूंशी संबंधित जंतुसंसर्ग १८ राज्यांतील ८१ रुग्णांत आढळला. चौघांचा मृत्यू झाला, चौदा जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला. हे थेंब चिठ्ठीवाचून, साध्या दुकानातून घेता येत होते.

म्हणून भाच्यास पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या नेत्रवैद्यांना विचारावे की, तेच द्रव्य दुसऱ्या नावाने येथे मिळते काय. सायक्लोस्पोरिनचे थेंब, उदाहरणार्थ, आपल्या देशात कित्येक वर्षे तयार होत आहेत. विचारताना बाटलीवरील व्यापारी नाव सांगून उपयोग नाही, कारण ते देशागणिक बदलते. जपानी बाटलीवरील मजकूर तर जपानीतच असतो. तेव्हा तेथील औषधविक्रेत्याकडून द्रव्याचे मूळ नाव व शेकडा प्रमाण एका कागदावर इंग्रजीत लिहून आणवावे, आणि तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.